चाळीस मुलं, एक फोन: वर्गातल्या मोफत डिजिटल साधनांचा हिशेब

वर्गात डिजिटल साधनं वापरायची तर खर्च किती येतो? चाळीस मुलांच्या वर्गाला सुरुवात करायला दीडशे रुपये पुरतात, आणि त्यातले बहुतेक छपाईवाल्याकडे जातात. ॲपला एक रुपयाही द्यावा लागत नाही.

पण ॲप फुकट मिळालं म्हणून सगळंच फुकट होतं असं नाही. नेटपॅक, छपाई, केबल, शिक्षकाचा रविवार आणि मुलांची माहिती या रूपांत किंमत मोजावी लागतेच. जिल्हा परिषदेच्या शाळा, अनुदानित हायस्कुलं आणि छोट्या खासगी शाळा यांच्यासाठी तो सगळा खर्च इथे मांडला आहे. दिलेल्या किमती बाजारातल्या सर्वसाधारण आहेत. तालुक्याच्या गावी आणि पुण्या-मुंबईत थोडं कमी-जास्त होईल.

आधी उपकरणं मोजा, मग ॲप शोधा

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. प्रशिक्षणात कुणीतरी एखादं चकचकीत ॲप दाखवतं, शिक्षक ते घेऊन शाळेत येतात आणि मग लक्षात येतं की त्याला प्रत्येक मुलाच्या हातात फोन लागतो. म्हणून पहिला प्रश्न असा: वर्गात तासाच्या वेळी नक्की काय हाताशी असतं? फक्त शिक्षकाचा फोन? फोन आणि टीव्ही? पाच-सहा जुने फोन किंवा टॅब? की संगणक कक्ष? उत्तरावर साधन ठरतं.

दुसरा प्रश्न: साधनाकडून काय हवं आहे? वर्गात प्रश्न विचारला की पुढच्या बाकावरचे तीन-चार हात वर होतात आणि बाकीची मुलं त्यांच्या आडोशाला निवांत बसतात. जे साधन त्या प्रत्येक मुलाला उत्तर द्यायला लावतं आणि कुणाचं कुठे अडलंय हे शिक्षकाला मिनिटभरात दाखवतं, ते कामाचं. नुसता आवाज, रंग आणि टाळ्या देणारं साधन पहिले दोन आठवडे गंमत आणतं, मग मुलंही कंटाळतात.

एकच फोन असेल तर: पत्त्यांची प्रश्नमंजुषा

शिक्षकाच्या एका फोनवर चालणारं सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे प्लिकर्स. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या एका शिक्षकाने आपल्या वर्गातल्या मुलांकडे उपकरणं नव्हती म्हणून ते तयार केलं. आपल्याकडची परिस्थिती तीच आहे.

प्रत्येक मुलाला एक छापील पत्ता मिळतो. त्यावर क्यूआर कोडसारखी काळी-पांढरी आकृती असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. उत्तर बी असेल तर बी ची बाजू वर करून पत्ता धरायचा. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणत्या क्रमांकाच्या मुलाने काय उत्तर दिलं ते पडद्यावर उमटतं. अक्षरं बारीक असतात आणि प्रत्येक पत्त्याची आकृती वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही.

वर्गात हे कसं दिसतं ते पाहा. पाचवीचा गणिताचा तास. फळ्यावर प्रश्न: ३/४ आणि ५/८ यांपैकी मोठा अपूर्णांक कोणता? ए: ३/४, बी: ५/८, सी: दोन्ही सारखे, डी: सांगता येत नाही. कॅमेरा फिरला आणि निम्म्याहून जास्त वर्गाने बी धरलेलं दिसलं, तर चूक कुठे आहे ते लगेच कळतं. मुलं ५ आणि ८ हे आकडे ३ आणि ४ पेक्षा मोठे आहेत एवढंच बघताहेत. अंश-छेदाचं नातं त्यांच्या डोक्यात बसलेलं नाही. इथे बरोबर उत्तर सांगून टाकू नये. ‘शेजाऱ्याला तुझं उत्तर पटवून दे’ म्हणून दोन मिनिटं द्यायची आणि पत्ते पुन्हा वर करायला सांगायचं. कुणीतरी ३/४ म्हणजे ६/८ हे शोधून काढतंच, आणि दुसऱ्या फेरीत बी ची गर्दी ओसरते. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रुजवली. आधी स्वतः उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर. खरी ताकद या पद्धतीत आहे; फोन फक्त मतमोजणी करतो.

खर्च: मूळ संच ४० पत्त्यांचा आहे, मोठ्या वर्गासाठी ६३ पत्त्यांचाही मिळतो. ए-४ कागदावर दोन पत्ते धरले तर ४० पत्त्यांना २० कागद. छपाई पानाला दोन ते पाच रुपये, म्हणजे ४० ते १०० रुपये. मागे चिकटवायला जुन्या लग्नपत्रिका किंवा वह्यांचे पुठ्ठे, त्यासाठी डिंकाची एक बाटली. दीडशेच्या आत काम होतं आणि पत्ते नीट ठेवले तर दोन-तीन वर्षं टिकतात. एक सूचना: टिकावेत म्हणून चकचकीत लॅमिनेशन करू नका. खिडकीतला उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला पत्ता वाचता येत नाही. पैसेही जातात आणि पत्तेही.

मर्यादा: मोफत खात्यात एका संचात पाचच प्रश्न बसतात, संच मात्र हवे तितके करता येतात. एका तासाला पाच नेमके प्रश्न भरपूर झाले, त्यामुळे पैसे भरण्याची गरज सहसा पडत नाही. फोनला इंटरनेट लागतं. प्रश्न नुसत्या मजकुराचे असले तर डेटा अगदी किरकोळ जातो.

गावात रेंजच नसेल तर चार रंगांचे चार कागद प्रत्येक मुलाला द्या. तिथे मोजणी डोळ्यांनी करावी लागते आणि नोंद राहत नाही, पण पद्धत तीच.

फोन आणि टीव्ही असेल तर

लोकवर्गणीतून किंवा अनुदानातून आलेला टीव्ही आज अनेक शाळांत आहे. त्याच्यावर गाणी आणि १५ ऑगस्टची भाषणं लावण्यापलीकडे काय करता येईल?

*विज्ञानासाठी फेट.* अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचा हा उपक्रम नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. विज्ञान-गणिताची ही चालती-बोलती आभासी प्रयोगशाळा पूर्ण मोफत आहे आणि तिच्यातले अनेक प्रयोग मराठीतही आहेत. विद्युत मंडलाच्या प्रयोगात सेल, तार, दिवा, कळ ओढून आणायचे आणि मंडल जोडायचं. तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. सेलचा व्होल्टेज वाढवला की दिवा प्रखर होतो. मुद्दाम सेलची दोन्ही टोकं थेट तारेने जोडली तर सेलवर ज्वाळा उठतात. शॉर्टसर्किट हा प्रकार खऱ्या सेलवर दाखवणं धोक्याचं, इथे तो बिनधास्त दाखवता येतो. मुलांना आधी ‘आता काय होईल?’ असं विचारा, पत्ते वर करायला लावा, मग जोडणी करा. म्हणजे टीव्हीसमोर बसूनही प्रत्येक जण प्रयोगात असतो. प्रयोगाची फाईल एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालते.

*गणितासाठी जिओजेब्रा.* ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग इथे मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये केलेलं हे सॉफ्टवेअर शाळेसाठी फुकट आहे. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढा, कोन बदलतात पण बेरीज १८० अंशच राहते. हे फळ्यावर दहा त्रिकोण काढून जेवढं पटत नाही तेवढं इथे अर्ध्या मिनिटात पटतं. शिकायला वेळ लागतो, पण त्यासाठी क्लास लावू नका. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात जिओजेब्राचे धडे मोफत आहेत.

*पाठ्यपुस्तकांसाठी दीक्षा आणि ई-बालभारती.* केंद्र सरकारचं दीक्षा हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य उघडतं. पुस्तकात क्यूआर कोड घालण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केला आणि पुढे तो राज्यभर गेला. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. दीक्षावरचे व्हिडिओ घरच्या वायफायवर उतरवून शाळेत दाखवता येतात. साहित्याचा दर्जा मात्र एकसारखा नाही. आधी स्वतः पाहिल्याशिवाय वर्गात लावू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

*वाचनासाठी स्टोरीविव्हर.* प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ च्या जागतिक साक्षरता दिनी, ८ सप्टेंबरला, हे खुलं ग्रंथालय सुरू केलं. वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या सचित्र गोष्टी मराठीत मोठ्या संख्येने आहेत आणि पीडीएफ उतरवून छापायलाही परवानगी आहे. टीव्हीवर गोष्ट लावा, एक पान एका मुलाने वाचायचं, शेवटचं पान झाकून ठेवायचं आणि शेवट मुलांना लिहायला सांगायचा.

*प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता यांचे व्हिडिओ.* पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या आवारात अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवलेले अरविंद गुप्ता यांचं सगळं साहित्य त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे, मराठीतही. व्हिडिओ पाच मिनिटं, उरलेला तास काडेपेटी, स्ट्रॉ आणि सायकलच्या ट्यूबचा.

खर्च: टीव्ही आधीच असेल तर जोडणीचाच प्रश्न. सगळ्यात स्वस्त म्हणजे पेन ड्राइव्ह, साडेतीनशे ते पाचशे रुपये. व्हिडिओ आणि चित्रं त्यावरून थेट चालतात, पण फेट-जिओजेब्रासारखे हाताळायचे प्रयोग चालत नाहीत. लॅपटॉप असेल तर एचडीएमआय केबल, दीडशे ते चारशे. फोन केबलने टीव्हीला जोडायचा विचार असेल तर थांबा. टाइप-सी ते एचडीएमआय अशी जोडणी घेण्याआधी आपल्या फोनमधून चित्र बाहेर जातं का, ते दुकानातच जोडून पाहा. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ती सोय नसते आणि हजारभर रुपयांची केबल कपाटात पडते. टीव्ही स्मार्ट असेल तर फोनचा पडदा वायफायवरून दाखवता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. साधा ब्लूटूथ स्पीकर हजार-दीड हजार. नवा ४३ इंची टीव्ही वीस ते अठ्ठावीस हजार. विजेची फार काळजी नको: असा टीव्ही साधारण दहा तासांना एक युनिट घेतो. लोडशेडिंगची मात्र काळजी करा. राउटरपुरता मिनी यूपीएस बाराशे ते दोन हजारांत मिळतो. टीव्ही चालवणारा इन्व्हर्टर-बॅटरी घ्यायचा तर पंधरा-वीस हजार धरा.

पाच-सहा फोन किंवा संगणक कक्ष असेल तर

इथे गटाने काम करता येतं आणि तेच बरं. चाळीस मुलांना चाळीस उपकरणं हे स्वप्न बघूच नका. सहा-सात मुलांत एक फोन असला की मुलं उत्तरावर वाद घालतात, आणि शिकणं त्या वादात होतं.

*कहूत* हे नॉर्वेतलं साधन २०१३ मध्ये खुलं झालं. टीव्हीवर प्रश्न, फोनवर चार रंगांची बटणं, वरती संगीत, खाली गुणफलक. मुलं खात्याशिवाय, नुसता आकडी कोड टाकून येतात. गटाने खेळण्याचीही सोय आहे. अडचण एकच: लवकर उत्तराला जास्त गुण. सावकाश विचार करणारं मूल इथे मागे पडतं आणि बाकीची अंदाजपंचे दाहोदरसे बटणं दाबतात. म्हणून प्रश्नाची वेळ वाढवा, चार मिनिटांपर्यंत ती नेता येते. गरज वाटेल तिथे गुणच बंद ठेवा. मोफत खात्यात किती जणांना घेता येईल आणि कोणत्या प्रकारचे प्रश्न करता येतील, यावर बंधनं आहेत आणि ती बदलत असतात.

*वेग्राउंड* म्हणजे जुनं क्विझिझ. २०१५ मध्ये बंगळूरात सुरू झालेल्या या कंपनीने २०२५ मध्ये नाव बदललं. प्रश्न प्रत्येक फोनवर दिसतो आणि प्रत्येक गट आपल्या गतीने जातो, त्यामुळे टीव्ही नसला तरी चालतं. यातही छापील पत्त्यांची सोय आहे. तयार प्रश्नसंचांचा साठा मोठा, पण मराठी संच घेताना चुका तपासून घ्या.

*गूगल फॉर्म्स* दिसायला साधं, कामाला दणकट. क्विझची सोय चालू केली की बहुपर्यायी उत्तरं आपोआप तपासली जातात आणि कोणता प्रश्न किती जणांचा चुकला त्याचा आलेख मिळतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ‘एका व्यक्तीचं एकच उत्तर’ ही अट लावली किंवा फाईल मागवली, की फॉर्म भरणाऱ्याला गूगल खातं लागतं. आणि आपल्याकडे १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं स्वतंत्र गूगल खातं काढता येत नाही. म्हणून प्राथमिक वर्गांसाठी या दोन्ही अटी काढून टाका. शिक्षकाच्या वैयक्तिक खात्याला मेल, फोटो, फाईल सगळं मिळून १५ जीबी जागा असते. वर्गाचे व्हिडिओ त्यात साठवले तर वर्षभरात भरते.

संस्थेच्या नावाने गूगलचं शैक्षणिक खातं मान्यताप्राप्त शाळांना फुकट मिळतं, पूर्ण शाळेला मिळून १०० टीबी जागा. त्यासाठी शाळेचं स्वतःचं डोमेन नाव लागतं: वर्षाला साधारण पाचशे ते हजार रुपये. ते दर वर्षी न चुकता भरणारा माणूस शाळेत हवा. बदली होऊन गेलेल्या सरांच्या वैयक्तिक मेलवर डोमेन घेतलं असेल तर नूतनीकरणाची सूचना त्यांच्याच मेलवर जाते आणि शाळेला पत्ता लागत नाही.

*कॅन्व्हा* चं पैसेवालं रूप शालेय शिक्षकांना ओळखपत्र किंवा नियुक्तीचा पुरावा दिल्यावर मोफत मिळतं. तक्ते, कार्ड, निमंत्रणं मराठी फॉन्टमध्ये करता येतात. महाविद्यालयीन प्राध्यापकांना ही सवलत नाही.

*कोलिब्री* हे मोफत सॉफ्टवेअर रेंज नसलेल्या शाळांसाठी. एका जुन्या लॅपटॉपवर ते बसवायचं, घरून साहित्य भरून आणायचं, आणि हजार-दीड हजारांच्या राउटरवरून मुलांच्या टॅबवर दाखवायचं. इंटरनेट अजिबात लागत नाही.

खर्च: घराघरांत पडलेले जुने फोन माजी विद्यार्थ्यांकडून मागा. घेताना बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहा, फोन पूर्ण पुसून घ्या, सिम आणि जुनं खातं काढायला लावा. शिक्षकाच्या फोनचा हॉटस्पॉट आठ-दहा उपकरणं सहज पेलतो.

आणि घरचा फोन?

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर अभ्यास टाकणं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. तिथला पोल मोफत आहे, पण कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. पहिलं उत्तर ‘हुशार’ मुलाचं पडलं की बाकीची त्याच्यामागे जातात. शिवाय घरात एक फोन, तोही वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर. म्हणून घरच्या फोनवर गुण अवलंबून असतील असं काहीही देऊ नका.

न दिसणारा खर्च

*डेटा.* रोज दीड जीबीच्या २८ दिवसांच्या पॅकला साधारण तीनशे रुपये पडतात. मजकुराच्या प्रश्नमंजुषेला त्यातला कणभर भाग लागतो. डेटा खातो तो व्हिडिओ: दहा मिनिटांचा व्हिडिओ मध्यम दर्जाला ठेवला तरी पन्नास-ऐंशी एमबी, आणि पाच फोनवर वेगवेगळा लावला की पाचपट. म्हणून व्हिडिओ एकाच पडद्यावर, शक्यतो आधी उतरवलेला. हा पॅक शिक्षक स्वतःच्या खिशातून भरतात हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकदा तरी बोललं जावं.

*वेळ.* पाच चांगले प्रश्न करायला सुरुवातीला अर्धा तास जातो. मराठी टंकलेखन संथ असेल तर फोनच्या कीबोर्डवर माइकचं बटण दाबून बोला. मराठी बरंच शुद्ध उमटतं. एआयकडून प्रश्न करून घेता येतात, पण उत्तरसूची स्वतः तपासा आणि भाषाही: ‘अपूर्णांक’ ऐवजी हिंदीतलं ‘भिन्न’ घुसलेलं असतं आणि मुलं गोंधळतात. सगळ्यात मोठी बचत मात्र यंत्राने होत नाही, वाटणीने होते. आपल्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत दहा शाळांनी एकेक धडा वाटून घेतला तर एका सत्राचे प्रश्न महिन्याभरात तयार होतात.

*मुलांची माहिती.* २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल ठरते. मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती, आणि मुलांवर पाळत ठेवण्याला व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्याला बंदी, अशा तरतुदी त्यात आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. शिक्षकाने करायचं ते सोपं आहे: ॲपमध्ये मुलाचं पूर्ण नाव, फोटो, जन्मतारीख, आधार किंवा पालकांचा फोन नंबर घालू नका. हजेरी क्रमांक पुरतो. कुणाचा कोणता क्रमांक ही यादी वहीत ठेवा. कहूतमध्ये टोपणनावं ॲपलाच सुचवायला सांगता येतात. त्याने वात्रट नावांचाही प्रश्न मिटतो.

*दुकान बंद होणं.* मोफत सेवा कुणाच्या तरी मर्जीवर चालते. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. मुलांचे छोटे व्हिडिओ मागवण्यासाठी जगभर गाजलेलं मायक्रोसॉफ्टचं फ्लिप २०२४ मध्ये स्वतंत्र ॲप म्हणून संपलं. जिओजेब्रा २०२१ मध्ये बायजूज या कंपनीने विकत घेतलं, आणि मालक बदलला की अटीही बदलू शकतात. म्हणून प्रश्नांची एक प्रत नेहमी वहीत किंवा साध्या फाईलमध्ये ठेवा. ॲप गेलं तरी प्रश्न राहिले पाहिजेत.

पैसे कुठे अडकतात

‘३० दिवस मोफत’ म्हणत कार्डाचा क्रमांक मागणाऱ्या साधनापासून लांब राहा. ती मोफत सेवा नव्हे, आगाऊ नोंदणी आहे. मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात, बहुधा डॉलरच्या हिशेबाने. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा आपोआप वजावटीआधी २४ तास सूचना यायला हवी. ती आली की दुर्लक्ष करू नका, बँकेच्या ॲपमधूनच मंजुरी रद्द करता येते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये फसव्या रचनांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात नोंदणीतून बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं हाही प्रकार धरला आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोबदला देणारा तो ग्राहक; पूर्ण फुकट वापरलेल्या ॲपबद्दल या कायद्याखाली दाद मागणं कठीण.

दुसरी जागा म्हणजे ‘डिजिटल क्लासरूम’ विकणारे. मोठा स्पर्शपडदा लाखाच्या आसपास किंवा त्याहून वर जातो आणि त्याबरोबर ‘संपूर्ण अभ्यासक्रमाचं साहित्य’ म्हणून वेगळी रक्कम लावली जाते. सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. हे साहित्य दीक्षावर किंवा ई-बालभारतीवर फुकट आहे का? पाठ्यपुस्तक बदललं तर नवं साहित्य कोण देणार, किती रुपयांत? दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येणार, हे कागदावर आहे का? दुसऱ्या वर्षापासून वार्षिक शुल्क आहे का? एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं तर साहित्याचा भाग वगळून फक्त पडद्याचं दरपत्रक मागा.

पैसा कुठून?

सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेअंतर्गत संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार मिळतं: ३० पर्यंत पटाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार, त्यापुढे १ लाख. किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात आणि वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, खडू-कागद सगळं त्यातच. लहान शाळेला यातून टीव्ही निघणार नाही. पत्ते, केबल, पेन ड्राइव्ह आणि नेटपॅक मात्र समितीच्या ठरावाने बसू शकतात. टीव्हीसाठी लोकवर्गणी हाच चालत आलेला मार्ग. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर शेकडो गावांनी असे वर्ग उभे केले. वर्गणी मागताना टीव्हीबरोबर दुरुस्तीसाठी दोन-तीन हजार वेगळे ठेवा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात तो भिंतीवरची शोभा होतो.

एका नजरेत

- फक्त शिक्षकाचा फोन: छापील पत्ते. एकदाच ₹१००–१५०.
- फोन आणि असलेला टीव्ही: पेन ड्राइव्ह, केबल, स्पीकर. एकदाच ₹१,५००–२,५००.
- नवा टीव्ही धरून: ₹२२,०००–३०,०००, शिवाय दुरुस्तीची तरतूद.
- पाच-सहा दान आलेले फोन आणि राउटर: ₹१,०००–१,५००, शिवाय चार्जरचे थोडे.
- शाळेचं डोमेन: वर्षाला ₹५००–१,०००.
- नेटपॅक: महिन्याला सुमारे ₹३००, शक्यतो शाळेच्या खर्चातून.
- ॲपचं शुल्क: ₹०. पहिल्या सत्रात कोणत्याही ॲपला पैसे देण्याचं कारण नाही.

आमचं मत

एका वर्षाला दोनच साधनं घ्या: एक उत्तरं गोळा करणारं, एक दाखवणारं. प्राथमिक शाळेसाठी छापील पत्ते आणि स्टोरीविव्हर, हायस्कुलासाठी छापील पत्ते आणि फेट, ही जोडी बहुतेक ठिकाणी पुरेशी आहे. कहूत महिन्यातून एकदा, सणासारखं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आठवड्यातून दोन तास हे करून पाहा आणि एवढंच तपासा: जी मुलं जूनमध्ये हात वर करत नव्हती, त्यांचं उत्तर आता तुम्हाला रोज कळतं का? कळत असेल तर पुढचा खर्च विचारात घ्या. कळत नसेल तर लाखाचा पडदा आणूनही ते कळणार नाही. तेवढे पैसे वर्गाच्या छपरावर आणि पुस्तकांवर खर्च करा.